दिशाकाकांचा रविवार

प्रत्येक वस्तीत एक तरी माणूस असा असतो, ज्याला दुसऱ्यांच्या मुलांची फार काळजी असते. ही काळजी फुकट मिळते, त्यामुळे तिला गिऱ्हाईकही भरपूर असतं. या वस्तीत ते काम दिशाकाका करत.

काका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. आता निवृत्त झाले होते, पण त्यांचा रविवार नोकरीत असल्यापासूनचा. शाळा संपत आलेली मुलं आणि शाळा संपल्याचा मुलांपेक्षा जास्त धसका घेतलेले आईबाप रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन बसत. इंजिनिअरिंगला जावं का, जावं तर कुठल्या शाखेला, कुठल्या कॉलेजात, आणि तिथून बाहेर पडल्यावर माणूस दिवसभर नेमकं करतो काय, हे सगळं काका समजावून सांगत. मुलांना दिशा देतात म्हणून दिशाकाका. त्यांच्या बायकोला दिशाकाकू. काकूंना कोणी कधी दिशा विचारली नव्हती, पण नाव आडनावासारखं चिकटलं होतं.

खोली बघण्यासारखी होती. भिंतीवर पोट फाडून आतलं सगळं दाखवणाऱ्या इंजिनाचं चित्र. कपाटात शाखेप्रमाणे लावलेली कॉलेजांची माहितीपत्रकं. कोणत्या स्वभावाच्या मुलाने कोणत्या शाखेला जावं याचा काकांनी स्वतः केलेला तक्ता, ज्यात चिवट मुलांसाठी बांधकाम आणि विसरभोळ्यांसाठी 'पुन्हा विचार करा' असा सल्ला होता. संगणकावर निवडून ठेवलेली भाषणं, पुलाचं काम कसं चालतं, कारखान्यात पहिला दिवस कसा जातो याच्या चित्रफिती. शिवाय प्रत्यक्ष काम करणाऱ्या काही इंजिनिअरांशी काकांनी बोलून ठेवलं होतं. मुलाने फोन करायचा आणि त्यांनी वैतागून न जाता उत्तरं द्यायची. काकांची थट्टा करणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्या खोलीतून बरीच मुलं मार्गाला लागली. त्यातली काही अजून फोन करत.

आणि खोलीच्या मधोमध टेबलावर पंखा. जुना, जाड जाळीचा, मान फिरवणारा टेबलफॅन. हीच काकांची परीक्षा. काकांचं म्हणणं असं, की मार्क बऱ्याच जणांना पडतात, बोटं फार थोड्यांना असतात. आलेल्या मुलाच्या हातात ते पेचकस देत आणि म्हणत, "उघड." जाळी निघे, पाती निघत, मागचं टोपण निघे, मान फिरवणारी छोटी दातेरी चाकं बाहेर येत, आणि मुलाचा चेहरा उजळून जाई. मग काका म्हणत, "आता जोड." मुलाचा चेहरा विझे. कोणाचा स्क्रू उरे, कोणाची वॉशर, एकदा एकाची अख्खी मोटर उरली होती.

"असू दे," काका मोठ्या मनाने म्हणत. सुटे भाग ताटलीत भरून ताटली शोकेसखाली सरकवत आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, "उघडणारे खूप आले. जोडणारा अजून यायचाय. ज्या दिवशी येईल ना, त्या दिवशी मी स्वतः हात धरून त्याला कॉलेजच्या दारापर्यंत सोडून येईन."

आईबापांना हे वाक्य फार आवडे. तेवढ्यात पडद्यामागून चहा येई. तो काकांची लेक आणी. ट्रे ठेवी, कप वाटी, आत जाई. एखादी आई सौजन्याने विचारी, "ही पण इंजिनिअरिंगलाच का?"

"छे, तिला आवड नाही हो," काका सांगत. "तिला जरा ताप आहे" हे माणूस ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात.

पुढच्या रविवारी पंखा पुन्हा अख्खा होऊन टेबलावर बसलेला असे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

लेक शिकली, विमा कंपनीत लागली. दाव्यांच्या टेबलावर बसून कोणाचं काय मोडलं ते तपासू लागली. मग तिची बदली दुसऱ्या शहरात झाली. एक सुटकेस आणि एक उशी घेऊन ती गेली. काका तिला बसपर्यंत पोचवायला गेले आणि घाईने परतले, कारण रविवार होता.

त्यानंतरच्या रविवारी एक ठेकेदार आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा उंच, हसरा. काकांनी तक्ता दाखवला, चित्रफीत दाखवली, मग सवयीने टेबलाकडे हात केला. "हं, आता हा पंखा..."

टेबल रिकामं होतं.

काकांनी शोकेसखालून ताटली ओढली. जाळी, पाती, चाकं, स्क्रू, सगळं मागच्या रविवारी ठेवलं होतं तसंच. जेवायला बसावं आणि ताटात कच्चं धान्य वाढलेलं असावं, तसे काका त्या ताटलीकडे बघत राहिले.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "पंखा जोडलेला नाही."

"नाहीये," आतून काकू म्हणाल्या.

"का पण?"

"जोडणारी गेली ना."

ठेकेदार हसले. "मेकॅनिक सुट्टीवर दिसतोय, काका."

काकाही हसले. मुलाला दोनचार माहितीपत्रकं दिली आणि बापलेकांना दारापर्यंत सोडून ते थेट स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या.

"जोडणारी म्हणजे?"

"म्हणजे तुमची लेक. दुसरी कुठली आहे या घरात?"

"ती कधी जोडायची?"

"सोमवारी. ऑफिसातून आली की इथेच पेपर पसरून बसायची. त्याच्या आधी कॉलेजातून आली की, आणि त्याच्या आधी शाळेतून आली की. मी म्हणायचे, अगं भाजी चिरून दे. ती म्हणायची, एवढं चाक बसवते आणि येते."

"आणि मला वाटायचं..."

"काय वाटायचं तुम्हाला?"

काका विचारात पडले. खरं तर त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं. कपाटात शर्ट इस्त्री केलेला मिळतो, उशाशी पाण्याचं भांडं भरलेलं मिळतं, तसा पंखा जोडलेला मिळे. शर्टाला कोणी विचारतं का, बाबा रे, तुला इस्त्री कोणी केली?

"पण तिला आवड नव्हती," ते म्हणाले.

"असं कोण म्हणालं?"

"मीच... सगळ्यांना सांगायचो."

"हो, ते मी ऐकलंय. तिनेही ऐकलंय. पडदाच होता मधे, भिंत नव्हती." काकूंनी गॅस बारीक केला. "तिला वाटलं, बाबा अख्ख्या गावाची आवड ओळखतात. ते नाही म्हणतात म्हणजे नसेलच आपल्याला."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दोनदा. एकदा तुम्ही पेपर वाचत होतात. आणि एकदा तुम्ही 'हो' म्हणालात."

काका म्हणाले, "जोरात सांगायचं होतंस."

"सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "माझंही चुकलं. मला घरात एक माणूस हाताशी हवं होतं. लोकांची पोरं येणार, त्यांना चहा लागणार. मी म्हटलं, असू दे, बसते खेळत त्या पंख्याशी. पण एक सांगते, ऐकून घ्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते ठीक आहे, दिव्याचा तो धर्मच असेल. पण त्या अंधारात बसून कोणी तरी रोज वात वळत असतं, हे दिव्याला एकदाही दिसू नये? तुम्ही दर रविवारी म्हणायचात, जोडणारा अजून यायचाय. ट्रे घेऊन उभी असायची ती तेव्हा."

काका पुढच्या खोलीत येऊन बसले. काही तरी करायला हवं म्हणून त्यांनी पेचकस उचलला. इंजिनिअर होते, पंखा जोडणं अशक्य नव्हतं. पण वर्षानुवर्षं त्यांनी तो फक्त उघडायला दिला होता. मागचं टोपण हातात घेतलं तेव्हा त्यांना त्याच्या कडेला एक लाल ठिपका दिसला. तसाच ठिपका मोटरच्या अंगावर. दोन्ही समोरासमोर आणले की टोपण बरोबर बसे. चाकाच्या एका दातावर गुलाबी ठिपका, दांडीवर गुलाबी. लांब स्क्रूच्या डोक्यावर जांभळा, त्याच्या भोकाशी जांभळा. हे ठिपके काकांनी आधीही पाहिले होते. मुलांना दाखवूनही सांगितलं होतं, "बघा, याला म्हणतात पद्धत. जुन्या कंपन्या अशी खूण करून द्यायच्या."

आता त्यांनी ठिपका नखाने खरवडून पाहिला. नेलपॉलिश होतं ते!

पंखा जोडून झाला. काकांनी तो सुरू केला नाही.

पुढच्या रविवारी दारावर 'आज भेट नाही' अशी पाटी लागली. वस्तीत कुजबुज झाली, कोणाला वाटलं काका आजारी आहेत. काका बसमध्ये होते. मांडीवर पिशवी आणि पिशवीत माहितीपत्रकं: नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकता येईल अशी कॉलेजं, घरी बसून करता येतील असे अभ्यासक्रम, वयाची अट नसलेल्या संस्था. इतक्या वर्षांत कोणासाठी केली नव्हती एवढी तयारी त्यांनी केली होती. वाटेत ते मनातल्या मनात बोलणं घोकत होते. गेलेली वेळ आणता येत नाही, पण पोरीचा हात धरून दारापर्यंत जाता येतं. अजून जाता येतं. ती हो म्हणाली की झालं.

लेक एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होती. मैत्रीण बाहेर गेलेली. लेक कपडे वाळत घालत होती. बापाला दारात बघून तिने आधी विचारलं, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी आपला... सहज."

"सहज? रविवारी?"

काका खुर्चीवर बसले. तिने पाणी दिलं. भिंतीवर दिनदर्शिका होती, खिडकीत एक कुंडी, टेबलावर ऑफिसच्या फाइली. काकांनी पिशवी उघडून सगळी पत्रकं त्या फाइलींवर मांडली आणि घोकलेलं सगळं विसरले.

"पंखा तू जोडायचीस," ते म्हणाले.

लेक हातातला चिमटा उघडमीट करत उभी राहिली. "आईने सांगितलं?"

"पंख्याने सांगितलं. नाही, आईनेच सांगितलं. ते ठिपके..."

"ते पहिल्यांदा केले तेव्हा मी शाळेत होते. मावशीने बाटली दिलेली. नखांना लावायचा कंटाळा यायचा." ती जरा हसली. "तुम्ही त्या रविवारी सगळ्यांना दाखवलेत. जुन्या कंपनीची पद्धत म्हणून. मला इतका आनंद झाला होता. म्हटलं, बाबांना आवडलं."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"वाटलं, विचारतील. मग एकदा पंखा फार आवाज करायला लागला होता, आठवतं? आतलं वंगण वाळलं होतं. मी ते साफ करून पुन्हा तेल भरलं. म्हटलं, आता नक्की विचारतील."

काकांना आठवलं. ते म्हणाले होते, बघा, लोखंड जुनं व्हावं तसं मुरतं.

"मग एकदा मुद्दाम मान फिरवायची वरची खुंटी बसवलीच नाही. म्हटलं, चिडून तरी विचारतील की कोणी जोडलाय हा. तुम्ही आदल्या रविवारी आलेल्या मुलाला बोल लावलेत."

"बाळा..."

"आणि बाबा, मला तो पंखा फारसा आवडायचाही नाही. पण तो जोडलेला असला तरच पुढचा रविवार व्हायचा. तुम्ही धरणाबद्दल बोलायचात, पुलांबद्दल, पाणी वर कसं चढतं त्याबद्दल. मला ते ऐकायला मिळायचं. पडद्यामागून नीट ऐकू येत नसे, म्हणून मी कप वाटायला वेळ लावायचे. आई ओरडायची, चहा गार होतोय."

काका पत्रकांचे कोपरे सरळ करत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा तरी समोर येऊन म्हणायचंस, बाबा, मला जायचंय."

"आले होते."

"कधी?"

"शाळा संपली त्या वर्षी. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली होती. तुम्ही शेजारच्या दादाला खडसावत होतात, की तारीख चुकली तर वर्ष गेलं, उद्याच्या उद्या जाऊन ये. मी पडद्यामागे होते. म्हटलं, आता संध्याकाळी मलाही सांगतील. संध्याकाळी मी तुमच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिले. बराच वेळ. तुम्ही मान वर करून बघितलंत."

"आणि?"

"आणि म्हणालात, बाळा, माझा चष्मा बघ गं कुठे आहे. मी शोधून दिला."

बाहेर कोणी तरी जिन्यावरून बादली घेऊन उतरत होतं.

मग काका घाईघाईने बोलू लागले. दुकान बंद व्हायच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार माल दाखवतो तसे. हे संध्याकाळचं कॉलेज, ऑफिसपासून जवळ आहे. हे घरबसल्या, परीक्षेपुरतं जायचं. इथले एक प्राध्यापक ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. फी मी बघतो. तू फक्त हो म्हण.

लेकीने एकेक पत्रक उचललं, शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर काकांना हायसं वाटलं असतं.

"नको, बाबा."

"अगं, वय वगैरे काही नसतं. माझ्याकडे तुझ्याहून मोठे..."

"वयाचं नाही. तुम्ही दारात दिसलात आणि पिशवी दिसली, तेव्हाच मला कळलं. मी तेवढ्यात मनात बघून घेतलं, अजून आहे का ते. असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही एवढ्या लांब आलात." तिने ओठ दाबून धरले. "नाहीये, बाबा. कधी गेलं तेही कळलं नाही. ऑफिसात पंख्याचा आवाज येतो, लोक तक्रार करतात. मी पण तक्रार करते."

काका रडले नाहीत. त्यांना रडता येत नसे. ते फक्त पत्रकं पिशवीत परत भरू लागले, आणि ती काही केल्या पिशवीत मावेनात.

"राहू द्या इथे," लेक म्हणाली. "माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची बहीण शाळेत आहे. तिला आवडेल. तिच्याशी बोला तुम्ही. पण तिच्या वडिलांशी नाही, तिच्याशी."

"बोलेन."

दुपारी ती त्यांना बसपर्यंत सोडायला आली. काका खिडकीपाशी बसले, ती खाली उभी राहिली. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. एवढ्या वर्षांत हजार मुलांना विचारलेला प्रश्न काकांच्या तोंडात आला आणि आपण तो हिला कधीच विचारला नाही, हे लक्षात येऊन ते खिडकीतून खाली वाकले.

"बाळा, तुला आवडतं काय? इंजिनिअरिंग सोड. काहीही. आत्ता, तुला काय आवडतं?"

लेक विचार करू लागली. मनापासून विचार करू लागली, कपाळाला आठ्या घालून, जशी लहानपणी हिशेब करताना करी. ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं.

"इतक्यात कोणी विचारलं नव्हतं ना," ती मोठ्याने म्हणाली, आवाज पोचावा म्हणून. "आठवून सांगते."

बस निघाली.

काकांनी रविवार बंद करायचा ठरवला होता, काकूंनी करू दिला नाही. "दुसऱ्यांच्या लेकरांवर कशाला सूड?" त्या म्हणाल्या. तेव्हा रविवार चालू आहे. फरक एवढाच, की आता काका आईबापांना बाहेरच्या बाकावर बसवतात आणि मुलांशी एकटे बोलतात. 'हिला आवड नाही' असं कोणी म्हणालं, की ते 'हिला'च बोलावून आणायला सांगतात, आणि ती येईपर्यंत पुढचं बोलत नाहीत. काही लोकांना हे विचित्र वाटतं. गर्दी थोडी कमी झाली आहे.

रात्री काका लेकीला फोन करतात. ती ऑफिसचं सांगते, कुंडीला आलेल्या पानांचं सांगते, आईच्या गुडघ्याचं विचारते. शेवटी काका तो प्रश्न विचारतात. अजून तिला आठवलेलं नाही.

तर मंडळी, एवढंच सांगायचं. माहितीपत्रकं, मार्गदर्शन, तक्ते, चित्रफिती हे सगळं चांगलंच आहे. ते आणखी हवं, सगळ्यांना हवं. पण ते पुढच्या खोलीत मांडून भागत नाही. आपल्याच घरात, आपल्याच पडद्यामागे कोणी तरी कप वाटायला वेळ लावत असतं. ज्याला आपण कधी विचारलंच नाही, त्याला आवड नाही असं जाहीर करायचा हक्क कोणाला नाही. बापाला तर मुळीच नाही. विचारायचं ते वेळेवर विचारावं. उशीर झाला तर समोरचा उत्तर द्यायला बांधील नसतो. आपण मात्र विचारत राहायला बांधील असतो.